एक जूनला फळ्यावर लिहिलं ते

चूक माझी होती, आणि ती दोन भागांत झाली. पहिल्या भागाला फार तर वाह्यातपणा म्हणता येईल. एका वृद्ध शिक्षकांनी विश्वासानं सांगितलेली गोष्ट मी वाचनालयाच्या फळ्यावर खडूनं लिहिली आणि साऱ्या भोरला दाखवली. दुसरा भाग खोटेपणाचा होता. त्यांनी मला विचारलं तेव्हा मी सांगितलं की हे तुमच्या विद्यार्थ्यांनीच लिहायला लावलं. कुणीही लावलं नव्हतं. माझ्या त्या एका वाक्यामुळं एक माणूस जवळजवळ दोन वर्षं आपल्याच विद्यार्थ्यांची नजर चुकवत राहिला.

पुढं सगळं मार्गी लागलं, हे आधीच सांगून टाकतो. गुरुजी आता महिन्यातून एकदा तरी भोरला येतात, वाचनालयात बसतात, माझ्या फळ्यावरच्या चुका काढतात. माझी बायको माझ्याशी बोलते. आठ दिवस बोलत नव्हती, आणि ते योग्यच होतं. घरात, गावात, वाचनालयात मी सुखानं वावरतो. पण हे सुख मला आयतं मिळाल्यासारखं वाटतं, म्हणून ते कसं मिळालं हे लिहून ठेवतो आहे.

भोरच्या एका वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. दाराशेजारच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. त्यावर रोज सकाळी साडेसातला मी दिनविशेष लिहितो. माझ्या नेमणुकीच्या कागदात हे काम नाही. माझ्या आधीचे ग्रंथपाल लिहायचे, म्हणून मीही लिहू लागलो आणि मग त्याचा नाद लागला. वर तारीख, वार, तिथी. खाली त्या दिवशी जन्मलेली मोठी माणसं, मग पुण्यतिथ्या, मग घडलेल्या घटना. एसटी स्टँडकडे जाणारे लोक पायातली गती न मोडता वाचून जातात. कोर्टात तारखेला आलेला एखादा खेडूत मात्र पुरा वाचतो, कारण त्याला वेळ असतो.

समोरच्या चहाच्या टपरीवाल्याला वाचायचा कंटाळा. तो चहा घेऊन येतो आणि विचारतो, "आज कोण जन्मलं?" क्रिकेटपटू असला तर त्याचा चेहरा खुलतो. शास्त्रज्ञ असला तर "बरं, बरं" म्हणून कप ठेवतो. सिनेनटी असली तर तिचं वय विचारतो, मग सन मोजून आपल्यापेक्षा ती किती मोठी ते काढतो, आणि निम्म्या वेळा त्याचं गणित चुकतं.

मला हे काम मनापासून आवडतं. जुन्या कॅलेंडरांच्या पाठी, वर्तमानपत्रांची कात्रणं, कोशांचे खंड, आणि अलीकडं मोबाईलवर येणारे निरोप, यांतून वेचून मी तीन जाड वह्या भरल्या आहेत. वर्षातला कुठलाही दिवस काढा, त्या दिवशी जगात कुणीतरी कामाचा माणूस जन्मलेला असतो. सकाळी ओला फडका फळ्यावरून फिरवताना हा विचार आला की बरं वाटतं. आजही वाटतं.

गुरुजी बरोबर आठला यायचे. वेल्ह्याच्या पलीकडच्या डोंगरातल्या शाळांत त्यांची सारी नोकरी झाली. निवृत्तीनंतर ते भोरला मुलाकडे राहायला आले होते. पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी, आणि वरच्या खिशात कागदात गुंडाळलेला खडूचा तुकडा. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी तो तुकडा सुटला नव्हता. आत येण्याआधी ते फळ्यासमोर उभे राहायचे आणि बोट फिरवत वरपासून खालपर्यंत वाचायचे. चूक सापडली की रुमालाच्या टोकानं तेवढाच आकडा पुसायचे, स्वतःच्या खडूनं बरोबर आकडा घालायचे, मग आत येऊन हळू आवाजात म्हणायचे, "सनात एका वर्षाचा फरक होता. बघून घ्या." मी बघायचो. त्यांचंच बरोबर असायचं.

एकदा मोबाईलवरच्या निरोपावर विसंबून मी एका जुन्या गायिकेला वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहिल्या. तो दिवस तिच्या निधनाचा होता. तिला जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. गुरुजी पुसत असताना नेमके आमच्या समितीचे अध्यक्ष आले. त्यांनी फळा पाहिला आणि चारचौघांत विचारलं, "काय ग्रंथपाल, या शुभेच्छा कुठल्या पत्त्यावर धाडायच्या?" सगळे हसले. गुरुजी हसले नाहीत. खरं म्हणजे मला अध्यक्षांचा राग यायला हवा होता. पण अध्यक्षांचा राग धरणं मला परवडणारं नव्हतं, म्हणून मी तो गुरुजींचा धरला. हे तेव्हा मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

त्यानंतरच्या मे महिन्यातली गोष्ट. उन्हामुळं वाचनालयात कुणी नव्हतं. पंखा कुरकुरत होता. गुरुजींनी वर्तमानपत्र मिटलं आणि आपणहून बोलू लागले. म्हणाले, मी तुमच्या तारखांचा एवढा कीस पाडतो, पण माझ्या हातानं किती खोट्या तारखा लिहून झाल्यात हे तुम्हाला ठाऊक नाही.

मग त्यांनी सगळं सांगितलं. डोंगरातल्या वाड्यांत तेव्हा बाळंतपणं घरातच व्हायची, नोंद कुठंच नसायची. शाळेत पोर घालायला आई यायची. पोर सहा वर्षांचं आहे का हे बघायला गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान हातात आला की प्रवेश. पण रजिस्टरात जन्मतारखेचा रकाना होता आणि तो मोकळा ठेवला तर तपासणीला येणारे साहेब ओरडायचे. जूनमध्ये शाळा सुरू होते, तेव्हा पोराला सहा पुरी झालेली दिसायला हवीत. म्हणून एक जून. एकाला एक जून, दुसऱ्याला एक जून, त्याच्या बहिणीलाही एक जून. अशी खोऱ्यातली पोरंच्या पोरं एकाच दिवशी जन्मली.

सांगताना ते हसत होते, पण शेवटी गंभीर झाले. "हे तुमच्यापाशी बोललो," ते म्हणाले. "लोकांना यात गंमत वाटते. मला नाही वाटत."

मी मान हलवली.

माझी बायको मार्गासनीच्या पुढच्या एका गावची, आणि गुरुजींची विद्यार्थिनी. तिचीही जन्मतारीख एक जून. आमच्या घरात तो चेष्टेचा विषय होता. वाढदिवसाला मी तिला विचारायचो, आज सरकारी वाढदिवस का खरा? ती हसून सोडून द्यायची. मी स्वतः भोरच्या दवाखान्यात जन्मलो. माझ्या दाखल्यावर तासमिनिटासकट वेळ आहे. या गोष्टीचा मला उगाचच अभिमान होता.

आणि एक जून उजाडला. फळ्यावर लिहायला भरपूर होतं. जागतिक दूध दिन. गाजलेल्या एका सिनेनटीचा जन्म. एसटीची पहिली गाडी सुटली तो दिवस. हे सगळं लिहून झाल्यावर खाली वीतभर जागा उरली. मी त्या जागेकडं थोडा वेळ बघत उभा राहिलो, हे मला स्पष्ट आठवतं. हात चुकून चालला असं म्हणायची सोय नाही. मी लिहिलं : ‘तसेच वेल्हे खोऱ्यातील आबालवृद्धांचा सामुदायिक जन्मदिन. जन्मदाते :’ आणि पुढं गुरुजींचं संपूर्ण नाव.

टपरीवाल्यानं त्या दिवशी पहिल्यांदाच फळा स्वतः वाचला. हसता हसता त्यानं हातातला चहा सांडला. स्टँडकडे निघालेल्या कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला. मला आतून गुदगुल्या होत होत्या.

आठला गुरुजी आले. नेहमीप्रमाणे वरून बोट फिरवत वाचू लागले. दूध दिन, नटी, एसटी. बोट खालच्या ओळीवर आलं आणि थांबलं. त्यांचा हात खिशाकडं गेला नाही. रुमालही त्यांनी काढला नाही. ते आत आले, वर्तमानपत्राला हात न लावता माझ्या टेबलासमोर उभे राहिले आणि विचारलं, "हे का लिहिलंत?"

त्या क्षणी खरं सांगितलं असतं तर हे प्रकरण तिथंच मिटलं असतं. ते रागावले असते, चार दिवसांनी पुन्हा आले असते. पण त्यांच्या त्या सरळ विचारण्यानं माझी गाळण उडाली. मी म्हणालो, "मी कुठला लिहितो गुरुजी. तुमच्या वेल्ह्याकडचे दोन-तीन विद्यार्थी आले होते सकाळी. त्यांनीच आग्रह धरला. म्हणाले, गुरुजींची जरा गंमत करू."

"कोण होते?"

"नावं नाही विचारली."

"माझीच मुलं होती?"

"तुमचीच," मी म्हणालो. "प्रेमानंच म्हणत होती."

ते पिशवी सावरून निघून गेले. जाताना फळ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. मी ती ओळ पुसली, पण दुपारी. तोवर फोटो नसरापूर, मार्गासनी करत वेल्ह्यापर्यंत पोचला होता. दिवसभर गुरुजींना फोन येत राहिले. जुने विद्यार्थी, आता पन्नाशी-साठीला आलेले, लाडानं म्हणत होते, गुरुजी, तुमच्या लेकरांचा आज वाढदिवस, आशीर्वाद द्या. त्यांच्या मनात काळं काही नव्हतं. पण माझं वाक्य ऐकून गेलेल्या माणसाला प्रत्येक फोन त्या वाक्याचा पुरावाच वाटला असणार.

संध्याकाळी घरी बायकोनं मोबाईल माझ्यासमोर धरला. तिच्या माहेरच्या कुणीतरी तिलाही फोटो पाठवला होता. भोरला येऊन तिची बोली बरीच बदलली आहे, पण राग आला की ती गावाकडं परतते.

"अक्षर तुमचंच हाय न्हवं?"

मी म्हणालो, गंमत केली, सगळे हसले.

"तुमच्याकडं दाखला हाय म्हणून हसू येतंय. त्यांनी आमाला कान धरायला लावून शाळंत घेतलं. न्हाईतर म्या आज कुठं असते?"

फळ्यावरचं तिला कळलंच होतं. गुरुजींना काय सांगितलं ते मात्र मी तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले नाहीत. त्या आठवड्यात आले नाहीत. महिन्यानं त्यांचा मुलगा पुस्तकं परत करायला आला, तेव्हा कळलं की ते मार्गासनीजवळ मुलीकडं राहायला गेले. हवा मानवते म्हणाले, असं तो म्हणाला.

मी काय केलं? माफी सोडून सगळं केलं. दिवाळी अंक आले तेव्हा त्यातले चांगले चार वेल्ह्याच्या एसटीच्या कंडक्टरबरोबर त्यांच्याकडं पाठवले. महिन्याभरानं अंक परत आले. प्रत्येकाला कागदाचं कव्हर घातलेलं, चिठ्ठी नाही. शिक्षक दिनाला फळ्यावर ग्रामीण शिक्षकांच्या गौरवाचा मोठा मजकूर लिहिला, तो त्यांच्यापर्यंत पोचेल अशा आशेनं. प्रत्येक तारीख तीन ठिकाणी ताडून मगच लिहू लागलो. फळ्यावर एकही चूक राहिनाशी झाली. आठ वाजले की मी उगाच दाराशी जाऊन उभा राहायचो.

दुसरं वर्ष सरत आलं तेव्हा गुरुजींच्या जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलं की त्यांना ऐंशी पूर्ण होतात, तर गावच्या शाळेच्या पटांगणात सगळ्यांनी जमायचं, त्यांना मधोमध बसवायचं आणि एकत्र जेवायचं. बायकांना निरोप द्यायचं काम माझ्या बायकोकडं आलं. ती उत्साहानं फोन करत होती. आणि मग गुरुजींचा निरोप आला, मला जमणार नाही. पुन्हा विचारलं, तर बरं नाही म्हणाले. तिघेजण प्रत्यक्ष जाऊन आले. गुरुजींनी चहा दिला, भाताची चौकशी केली, मुलाबाळांची चौकशी केली, आणि कार्यक्रमाचं काढलं की विषय बदलला.

"गुरुजी आमच्यावर नाराज हायेत," बायको म्हणाली. "फळ्याचा राग असंल तर तुमच्यावर. आमी काय केलं असंल?"

हा प्रश्न ती भाकरी थापताना विचारायची, कपडे वाळत घालताना विचारायची. मला नव्हे, स्वतःलाच. एकदा तर तिनं आठवून आठवून शोधलं की एका लग्नात गर्दीत ती त्यांच्या पाया पडायची राहिली होती. त्याचंच असेल का, असं तिनं मला विचारलं. उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी म्हणालो, वय झालं त्यांचं, वयात माणसं अशी होतात. म्हणजे दोन वर्षांनी मी दुसरं खोटं बोललो, आणि तेही त्या माणसाच्या म्हातारपणावर ढकलून.

शेवटी तिनंच ठरवलं की रविवारी आपण जायचं. "तुमी बी चला," ती म्हणाली. "फळ्याचं काय मनात असंल तर तुमी समोर असलेलं बरं."

भाताची कापणी संपत आली होती. आम्ही एसटीनं नसरापूरला उतरलो आणि वेल्ह्याकडची जीप धरली. माणसं भरेपर्यंत जीप हलली नाही. बायकोच्या शेजारी एक बाई मांडीवर गाठोडं घेऊन बसली होती. कुठं निघालात, कुणाकडं, असं विचारता विचारता तिला कळलं की आम्ही गुरुजींकडं चाललोय.

"अगं बया," ती म्हणाली. "म्या बी त्यांचीच. एक जूनची."

"म्या बी एक जूनची," माझी बायको म्हणाली.

पुढून ड्रायव्हरनं आरशात बघत सांगितलं की त्याचा बाप आणि चुलता दोघंही एक जूनचे, चुलता बापापेक्षा चार वर्षांनी धाकटा, तरी कागदावर दोघं एका साली. मागं एक म्हातारबाबा डुलक्या घेत होते. ते डोळे न उघडता म्हणाले, "मग आज जीपमदी सगळी जुळीच बसल्यात."

सगळी जीप हसली. बायको डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग त्या गाठोडेवाल्या बाईनं आपल्या वेळेची हकिगत सांगितली. तिचा हात काही केल्या कानापर्यंत पोचेना, तेव्हा गुरुजी तिला म्हणाले, मान जरा कलती कर. मान कलती केल्यावर कान आला. असा तिला प्रवेश मिळाला. मी लिहिलं तीच ही गंमत होती, पण तिच्यात गुरुजींवर हसणारं कुणी नव्हतं. जीपमध्ये जन्माचा पक्का दाखला असलेला बहुधा मी एकटा होतो, आणि मी खिडकीतून कापलेली भाताची खाचरं बघत बसलो होतो. मनात वाक्यं जुळवत होतो. मार्गासनी आली तरी एकही धड जुळलं नव्हतं.

गुरुजी पडवीत कालचं वर्तमानपत्र वाचत होते. बारीक झाले होते. बायकोला म्हणाले, "ये बाई." मला म्हणाले, "या ग्रंथपाल." आवाजात काही फरक नव्हता, आणि तेच मला जड गेलं. अंगणात त्यांची मुलगी भात पाखडत होती. तिनं सूप ठेवून पाणी आणलं, चहा टाकला. पावसाचं, पिकाचं, कुणाकुणाच्या मुलांचं बोलणं झालं. माझी वेळ आली असं मला तीनदा वाटलं आणि तिन्ही वेळा मी चहाचा घोट घेतला.

मग बायको म्हणाली, "गुरुजी, एक इचारायचं हाय. माझी आई गेली गेल्या साली. म्या खरी कदी झाले, ते आता कुणाला इचारू? तुमाला काय आठवतंय का?"

गुरुजी उठले. आत गेले. बराच वेळ आतून ट्रंकेचा आवाज येत होता. बाहेर आले तेव्हा हातात कापडात बांधलेल्या दोन वह्या होत्या, लांबट, जुन्या. ते म्हणाले की रजिस्टरात एक जून लिहावाच लागायचा, त्याला इलाज नव्हता. पण आई जे सांगायची ते खोटं नसायचं. ते कुठंतरी राहिलं पाहिजे, म्हणून ते रोज शाळा सुटल्यावर या वह्यांत उतरवून ठेवायचे.

त्यांनी पानं उलटत वाचून दाखवलं. मुलगा, पानशेत फुटलं त्याच्या आधीच्या अमावास्येला. मुलगी, कोयनेच्या भूकंपाच्या पहाटे, आधी फळीवरची भांडी पडली, मग ही रडली. मुलगा, मेंगाईच्या जत्रेत पालखी देवळात परतली त्या वेळी. मुलगा, मोठ्या दुष्काळात, आई म्हणते विहिरीत दगड दिसत होते. मुलगी, नदीला पाणी होतं म्हणून सुईण अलीकडं येऊ शकली नाही, आजीनं सोडवलं.

मी ऐकत होतो. पंचवीस वर्षं मी फळ्यावर जे लिहीत आलो, तेच हे होतं. काय घडलं आणि कोण जन्मलं. फक्त यातल्या कुणाचंही नाव कुठल्या कोशात मिळालं नसतं, आणि यातला प्रत्येक दिवस जिनं पाहिला तिच्याच तोंडून आलेला होता. मी त्याला मोबाईलवरच्या निरोपाइतकीही किंमत दिली नव्हती.

दुसऱ्या वहीत बायकोची नोंद सापडली. गुरुजींनी चष्मा सारखा केला. "मुलगी. नागपंचमीच्या आदल्या दिवशी. भातलावणी चालू. खालचं खाचर झालं होतं, वरचं राहिलं होतं. आई म्हणते, दुपारच्या भाकरीच्या आधी झाली, मग वरचं खाचर जावांनी लावलं."

बायकोनं वही मागून घेतली आणि ती ओळ स्वतः वाचली. बोट फिरवत, गुरुजी फळा वाचायचे तशी. मग म्हणाली, "वरचं खाचर अजून हाय. भावाकडं हाय." आणि थोड्या वेळानं, "म्हंजे पावसात झाले म्या. आईच्या अंगाला चिखल असंल." तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी इतक्या वर्षांत कुठल्या वाढदिवसाला दिलं नव्हतं.

गुरुजीही खुलले होते. तिला तिच्या वर्गातल्या एकेकीची नोंद काढून दाखवत होते. ते बघून तिला धीर आला. तिनं वही त्यांच्या हातात परत दिली आणि म्हणाली, "मग याल न्हवं गुरुजी कार्यक्रमाला? ही वही घेऊन या. सगळ्यांना आपापला दिवस कळंल."

गुरुजींनी वह्या पुन्हा कापडात ठेवल्या. गाठ मारली. त्यांचा चेहरा मिटल्यासारखा झाला.

"बाई," ते म्हणाले, "तुझ्यावर राग नाही माझा. पण मुलांनी माझं हसं केलं. भर बाजारात, फळ्यावर. त्यांच्यात जाऊन हार घालून बसायला मला जड जातं."

बायको चक्रावली. "कुनी केलं गुरुजी? फळा तर यांनी लिवला."

"यांनी लिहिला. लिहायला सांगणारी मुलं आपली होती. वाचनालयात येऊन सांगून गेली." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या बघण्यात आरोप नव्हता. मी साक्षीदार आहे, मी दुजोरा देईन, असा विश्वास होता. "यांना विचार."

बायको माझ्याकडं वळली. अंगणातलं सूप थांबलं होतं, गुरुजींची मुलगीही ऐकत होती. मी खुर्चीवरून उठलो. बसून बोलवेना, म्हणून उठलो. आधी पाया पडावं असं वाटलं, पण मग वाटलं की तेही तोंड लपवणंच होईल. म्हणून त्यांच्या समोर उभा राहिलो आणि त्यांच्याकडं बघत बोललो.

"गुरुजी, त्या दिवशी कुणीही आलं नव्हतं. तुमचा एकही विद्यार्थी आला नव्हता. ती ओळ माझ्याच मनातली. तुम्ही माझ्या चुका काढायचात, चारचौघांत माझं हसं झालं, त्याचा राग होता, म्हणून मी लिहिली. तुम्ही विश्वासानं सांगितलेलं मी बाजारात मांडलं. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा घाबरून तुमच्या मुलांचं नाव पुढं केलं. ती मुलं तुम्हाला अजून तेवढीच मानतात, आणि आपलं काय चुकलं ते दोन वर्षं शोधतायत. त्यांचं काहीच चुकलेलं नाही. माझं चुकलं, आणि ते सांगायला मी दोन वर्षं लावली, हेही माझं चुकलं. मला माफ करा."